पुढचं दार

फ्रिज काही स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना.
रोसामेल वेनान्तेनं आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला,
मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला,
"पुढचं दार आहे की."
बाबा बोलले नाहीत.
त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं,
चूल आधीच धडधडत होती.

आमच्या बेटावर पुढचं दार म्हणजे
पाद्री, जनगणनेवाला, आणि शवपेटी.
बाकी सगळं जग मागून येतं,
चिखलाचे बूट उतरवतं, बटाट्यांची गोण टेकवतं
आणि थेट चुलीपाशी बसतं.
अकरा वर्षांपूर्वी आई पुढच्या दारानं गेली.
बाबांनी ते ओढून घेतलं.
कुलूप नाही, खिळा नाही.
उरलेलं काम पावसाचं.

चिलोएत पाऊस येत नाही, राहतो.
मीठ फडक्यात बांधून चुलीवर टांगावं लागतं,
काडेपेटी खिशात, अंगाशी.
दाराचं तेच झालं,
फुगलं आणि चौकटीत रुतून बसलं.

मी खांदा लावला. एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा, गोट्यांवरून होडी ओढावी
तसा आवाज करत ते वीतभर सरकलं.
फटीतून आधी समुद्राचा वास आत आला,
मग उंबरठ्याशी चिकटलेलं एक प्रचारपत्रक निघालं.
त्यावरचा हसरा उमेदवार
केव्हाच पडला होता.

बाहेर रोसामेलनं फ्रिजवर ताडपत्री टाकली
आणि स्वतःही तिच्याखाली शिरला.

मी दाराच्या कडेला खडू फासला,
मिटलं, उघडलं.
चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पांढरा डाग उमटला, टाचेएवढा.
कळलं, इथं घासतंय.
रंधा उचलला.

"थांब," बाबा म्हणाले.
"जूनमध्ये दार तासू नये.
ऐन हिवाळ्यात तासलेलं दार
फेब्रुवारीत वारा घरात घेतं."
चाळीस वर्षं होड्या बांधलेला माणूस.
त्यांनी बिजागरीला करंगळी लावली.
वरचा स्क्रू नुसत्या नखानं फिरला,
पडू घातलेल्या दातासारखा.
"फुगलंय कमी," म्हणाले, "लोंबलंय जास्त."

मग काम आपोआप वाटलं गेलं.
बाबांनी बुटाचं टोक दाराखाली घालून
सगळा भार पायावर पेलला.
मी स्क्रू काढले, भोकांत सरस सोडला,
खिशातल्या काड्यापेटीतल्या काड्या गूल मोडून आत ठोकल्या,
तीन वरच्या भोकात, दोन खालच्या,
आणि चाकूनं सपाट कापल्या.
लांब स्क्रू आवळताना मनगट भरून आलं.

तेव्हा ते बोलले. माझ्याशी नाही, बिजागरीशी.
"त्या दिवशी पेटी अडकली होती.
मी दार उलटं रेटलं, भिंतीपर्यंत, ताकदीनं.
तेव्हाच निसटलं असणार हे."

मी आणखी एक आटा फिरवला.
फिरवायची गरज होती की नव्हती, ठाऊक नाही.

शेवटी कोपऱ्यावरून रंध्याचा एकच हात,
तोही बाबांनी मारला, कागदाएवढा पातळ.
छिलका वळत वळत खाली पडला.
वर हिरवा, मध्ये निळा,
आणि आतून सायप्रस, अजून वास असलेला.
मी तो उचलून चुलीत टाकणार होते.
राहिला एप्रनच्या खिशात.

"बाहेरून बघतो," म्हणाले,
आणि मोज्यांवरच व्हरांड्यात गेले.
दार मिटलं. आवाज झाला नाही.
मी आत उभी, हातात स्क्रूड्रायव्हर.
बराच वेळ नुसता पाऊस.

मग टकटक.
स्वतः बांधलेल्या घराचं दार
या माणसानं आजवर कधी वाजवलं नव्हतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

बाहेर ताडपत्री सळसळली.
कुणीतरी घसा खाकरला.

"फ्रिज," बाबा म्हणाले.

मी एका बोटानं दार ओढलं.