फुलीच्या मध्यावर

ग्रिम्सबीच्या गोदीत पहाटे पाचला
हॅडॉकच्या खोक्यांवर बर्फ टाकतात, तो आवाज
खडी ओतल्यासारखा.
डोक्याला जाळी, पायात दोन साइझ मोठे गमबूट
आणि हातात माझंच पोर,
वीतभर यंत्र, चौसष्ट एमबी, टोचायला एक काडी.

ऑफिसात गुणी होतं ते.
मॉनिटरवर त्याचं नुसतं चित्र उघडायचं,
माउसनं टिचकी मारली की
जहाज, खोका, वजन, गिऱ्हाईक,
चारी पडदे शहाण्यासारखे सरकायचे.
चित्रातल्या यंत्राला थंडी वाजत नाही.
त्याला कुणी माशाच्या हातानं धरत नाही.
हे मला तरी कळायला हवं होतं,
हर्णैच्या लिलावात आत्याशेजारी बसून वाढलेली मी,
जिचा सगळा हिशेब बोटांच्या पेरांवर.

रॉनी ब्लँचर्डनं हातमोजा काढला नाही.
काडी बघितली, कानामागे खोचली,
आणि मोज्यासकट बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं, पुन्हा.
मग एकदम तीन खोकी नोंदली गेली, एकाच वजनाची.
"माझ्या मेव्हण्यासारखं आहे," तो म्हणाला,
"आधी ऐकत नाही, मग तीनदा करतं."

त्या रात्री क्लीथॉर्प्सच्या भाड्याच्या खोलीत
नाणं टाकायच्या हीटरला चिकटून
मी मेमरीतून सामान बाहेर काढलं.
दोन फाँट. एक घड्याळ.
कंपनीचा फिरता लोगो, ज्यावर साहेबांचा फार जीव.
एकदा दाबलं की काम होईतो बटणाची वाचा बंद.
झोपले तेव्हा समुद्र खिडकीपासून बराच लांब गेला होता.

तरी तिसऱ्या दिवशीही अडलंच.
प्रत्येक खोक्याला तो यंत्र खाली ठेवायचा,
डाव्या हातानं दाबायचा, परत उचलायचा.
मी विचारलं, का?
त्यानं मोजा काढला.
उजवा अंगठा पहिल्या पेरापाशी संपलेला.
"विंच," तो म्हणाला. "उरलेला आइसलंडच्या बाजूला आहे.
मी इथं असतो."
बसचा थांबा सांगावा तसं.

आमचं मागणीपत्र एकेचाळीस पानी.
त्यात बॅटरीचे तास होते, बारकोडची रुंदी होती,
अंगठा पुरता असेल हे
कुणी लिहिलंच नव्हतं, इतकं धरून चाललेलं.

'बरोबर' मी कोपऱ्यातून काढलं,
खालच्या काठाला आडवं पसरलं,
उंबऱ्यासारखं, कुठूनही पाय लागेल असं.
दोनशे अकरा खोकी त्यानं न थांबता केली.
बोलला काहीच नाही.
जाताना पिशवी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मासे.
ट्रेनमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

नाताळात यंत्र लॉकरमध्ये राहिलं, अकरा दिवस.
त्या पिढीच्या यंत्रांना शिकवलेलं
चार्ज असेपर्यंतच आठवायचं.
जानेवारीत फोन. "तुझं पोर मला ओळखत नाही."

डॉनकॅस्टरला गाडी बदलून पोचले.
केबल लावली. पडदा पांढरा,
मधोमध एक फुली.
फुलीच्या मध्यावर टेकवा, म्हणतं.
आपलं नाव विचारत नाही, आधी हात कुठं आहे ते विचारतं.
प्रोग्रॅम मी नंतर घालणारच होते.
एवढं मात्र ज्याच्या हातात राहणार त्यानंच करायचं.

रॉनीनं कानामागून काडी काढली.
तीच की दुसरी, विचारलं नाही.
मध्य. वरचा कोपरा. खालचा.
तिसऱ्याला हात हलला.
यंत्र रागावलं नाही,
फुली फक्त परत मध्यावर आली
आणि थांबली.
बाहेर बर्फ ओतला जात होता.
तो चष्मा शोधायला लागला,
मी यंत्र धरून उभी,
पाच फुल्या बाकी.