फुंकर

अंत्युखियात, ओरोंतेसच्या काठाला, तेलाच्या घाण्यामागे
फिलूमेनीचं घर.
जेवणं उरकली की ती पेल्यातला बिनपाण्याचा एक घोट
भिंतीपाशी जमिनीवर सांडते:
"दैमोना, हा तुझा वाटा."

वाटाच, कारण नावच मुळी वाटणाऱ्याचं.
कुणाला किती वर्षं, कुणाला मुलगे,
कुणाच्या पदरात नुसती खोकल्याची रात्र,
मापं त्याच्या हाती.
देव नव्हे; देवाइतका तो लांब राहत नाही.
रांजणामागच्या भेगेत असतो,
कधी तांबूस सापाच्या अंगानं उन्हाला येतो
आणि घरातलं कुणी काठी उचलत नाही.

थेओतिमोस मात्र पाय वर घेतो.
थोरला. पाण्यात बुडून नवा होऊन आला
त्याला तीन वर्षं झाली.
मंडळीपुढे उभा राहून तो पोथी वाचतो,
तिथे हाच शब्द थडग्यांत राहतो,
पोरांचे गळे धरतो, हाकलला की किंचाळतो.

"आई, त्याला बोलवू नकोस."
"कुणाला रे?"
"आत्ता म्हणालीस त्याला."
"तू जन्मलास तेव्हा रडला नाहीस.
त्या भेगेपाशी दिवा ठेवला मी. मग रडलास.
आता कुठल्या तोंडानं सांगू, जा म्हणून?"

तो उठला. भेगेवर तीनदा फुंकला,
शिकवलं होतं तसं, जोरात.
धूळ उडाली. पतंगाचा एक पंख उडाला.

खोटं कुणीच बोलत नव्हतं.
शब्द मडक्यासारखा: काल मध, आज चुन्याची निवळी;
मडक्याला कोण विचारतं?
(आपणही होऊन गेलेल्याला भूत म्हणतो
आणि अंधारात त्याच नावाला बिचकतो.)

रात्री बहिणीला पत्र. नुकतं लग्न झालेलं, लांब, लाओदिकेयात.
आई सांगते, तो लिहितो.
"लिही, सुखी राहा."
लेखणी सवयीनं निघते: यूदै…
आणि अडते.
ज्याचा दैमोन भला, तो सुखी.
आख्ख्या भाषेत सुखाच्या पोटात तोच बसलेला,
भेगेतून हाकललेला.

"धन्य लिहू का, आई?"
"धन्य मेलेल्यांना म्हणतात.
माझी पोर जिवंत आहे."

दिव्याची वात चरचरते.
तो शब्द पुरा करतो.
शाई ओली. कागदावर वाकून
फुंकर घालतो,
एकदाच, हलके.