कार्यकक्षेबाहेर

सुट्टी एकवीस दिवसांची. त्यातले चार प्रवासात गेले.
तवंदीचा घाट उतरताना बसच्या न मिटणाऱ्या खिडकीतून
तंबाखूचा वास आत आला, तेव्हा कळलं, निपाणी.
बुटांच्या शिवणीत तिकडची काळी माती होती अजून.
इथलीही काळीच.
अंगणात बूट धुतले, तर कुठली कुठली वाहून गेली
सांगता येईना.

आई विचारते, तू तिथं करतेस तरी काय?
ऐकते, म्हटलं. लिहून घेते.
आणि त्याचा पगार देतात?
देतात.

ताडपत्रीखालच्या त्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांबद्दल
मी बोलले नाही.
'का' विचारायचं नसतं. 'मग?' विचारायचं.
तारीख कुणालाच ठाऊक नसते.
ज्वारी गुडघ्याएवढी होती, म्हणतात,
आणि मी अहवालात लिहिते:
अंदाजे जुलैचा दुसरा आठवडा.
न्याकुओथ माझी दुभाषी. नियम असा,
की दुभाष्यानं बोलणाऱ्याचा 'मी' उचलायचा.
दोन वर्षं झाली, साऱ्या बाया मला
तिच्याच आवाजात सांगताहेत,
मला ओढत नेलं, मी मोजत होते, मी मोजायची थांबले.
त्यातली एखादी तीच होती का,
हे मी विचारलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली नीलव्वा आली,
मांडीवर बिडीचं सूप घेऊन बसली.
जगाचं लिवून घेतीस म्हणं तू.
आमचं बी घे की.

दोन वर्षांपूर्वी स्टँडवरच्या पाटीला कुणी काळं फासलं होतं.
कुठल्या भाषेतली पाटी, ती सांगत नाही.
मीही विचारत नाही.
सिद्राय दोऱ्याचं रीळ आणायला गेला होता.
त्याला दोन्ही वाचता येत नव्हत्या.

मी म्हटलं, मावशी, आमची एक कार्यकक्षा असते.
ठराव असतो, त्यात देशाचं नाव असतं,
आणि हे नाव त्यात नाही.
चिकोडीला कोर्ट आहे, बंगळुरूला आयोग आहे.
तिनं ऐकून घेतलं.
तिकडच्या बाया ऐकतात तसंच, मान हलवत,
हात न थांबवता.
पान, जर्दा, वळण, दोरा.

वीजबिल उलटं केलं मी. मागची बाजू कोरी होती.

त्या रात्रीपाशी आल्यावर तिची मराठी संपली.
ती कानडीत उतरली, भराभर.
माझी कानडी बाजाराची. एष्टु, कोडरी, ब्याडा.
तेवढीवर त्या रात्रीत शिरता येत नव्हतं.
तेव्हा उंबऱ्यावरून सिद्राय बोलू लागला,
आईचं एकेक वाक्य मराठीत, सावकाश, खाली बघत.
त्याला आत घेतला.
त्याचा हात टेबलावर ठेवला.
नऊ दिवसांनी तो आला.

घरचं माणूस दुभाषी म्हणून घ्यायचं नसतं.
पहिल्या आठवड्यातच शिकवतात हे.
मी पेन थांबवलं नाही.
त्यानंही एकदासुद्धा 'मी' म्हटलं नाही.
त्याचा उजवा हात गुडघ्यावर उघडा पडला होता.
त्या हाताची मूठ मिटत नाही आता.

नाव लिहू, की नको?
लिवा.
शेवटचा प्रश्न ठरलेला असतो:
मी विचारायचं राहिलंय असं काही?
त्यानं तो आईला कानडीत विचारला.
तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं,
ऊटा आतेनव्वा?
हे त्यानं मराठीत केलं नाही.

सांबऱ्याच्या विमानतळावर बॅग भरली
दोनशे ग्रॅम जास्त.
आईनं दिलेली लोणच्याची बरणी मी काढून ठेवली.
बिल थकलेलं होतं, हे मागाहून दिसलं.
आईला फोन करून सांगितलं, त्याची प्रत काढून भर,
मूळ कागद माझ्याकडे आहे.
कशाला गं, ती म्हणाली.