हातचा

कुमासीत माणसं शनिवारी पुरतात,
म्हणून आमचा प्रिंटर गुरुवारी तापतो.
बोआडी मास्तरांच्या दुकानात
मी, आफ्रिये, शिकाऊ,
पहिला महिना नुसत्या कडा कापत बसले होते:
केसांच्या कडा, डोक्याला बांधलेल्या फडक्याच्या कडा,
तिपटीनं मोठं करून
एका कानातल्याभोवती अख्खी सकाळ.
मास्तर म्हणायचे, कानशिलाशी घाई केलीस
तर माणूस कागदी बाहुलीसारखा दिसतो,
आणि मेलेल्याला तक्रार करता येत नाही.

मग अक्षरं.
मी नाव सोनेरी केलं, नावाला सावली दिली,
मागे ढग, ढगात कबुतर,
कबुतरालाही सावली.
मास्तर तळलेल्या केळ्याचे काप खात होते.
'सगळेच ओरडले
तर रडतंय कोण, हे कळायचं कसं?'
आणि तेलकट बोटानं एक बटण दाबून
त्यांनी कबुतर उडवून लावलं.

डोळा आधी कुठे जातो, मग कुठे, मग कुठे,
हा धडा पुस्तकात एका पानाचा आहे.
फोफिए घराण्यात त्याला तीन दिवस लागले.
वंश आईकडून चालतो, म्हणून मामांचं नाव सगळ्यांत मोठं.
खर्च आम्ही करतोय, मुलगे म्हणाले, मग आम्ही बारीक का?
टोरांटोचा जावई फोनवरून विचारत होता, मी कुठे आहे?
नातवंडं एकोणचाळीस.
मी बोटभर समास मागितला.
'रिकामी जागा कशाला?' मामा म्हणाले,
'तिथे अजून दोन चुलत बहिणी मावतील.'
मावल्या.

म्हातारीचा एकटीचा फोटो एकच निघाला,
मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ती चिडलेली.
दुसरा कुणाच्यातरी बारशातला, मनापासून हसतानाचा,
पण खांद्यावर एक हात.
मनगटात हिरवे मणी.
'हात काढून टाक,' मामा म्हणाले.
कुणाचा, ते सांगितलं नाही.

हाताखालची नक्षी कुणीच पाहिलेली नव्हती,
ती मला विणायची होती.
दुसऱ्या खांद्यावरून पट्टे उचलले, ठेवले,
जुळेनात. पिवळा हिरव्याशी भांडत राहिला
रात्री साडेअकरापर्यंत.
'नक्षी पुन्हा कुठे सुरू होते ते शोध,'
मागून मास्तर म्हणाले.
पाचव्या दोऱ्यावर सापडली.

मास्तरांचा कडक नियम एकच: खोडायचं नाही.
हात कापून वेगळ्या थरावर ठेव,
त्याखाली नवं कापड,
मग थराचा डोळा मिटव, म्हणजे तो दिसत नाही,
असतो.
प्रत्येक थराला नाव दे.
शाळेत बेरजेच्या डोक्यावर लिहायचो तसं
मी लिहिलं: हातचा.
वीज दोनदा गेली. मी फाइल चारदा सेव्ह केली.

शुक्रवारी चौकात फ्लेक्स चढला.
दुपारी एक बाई आल्या.
पासपोर्टच्या फोटोचा भाव विचारला, बसल्या नाहीत,
दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या,
'खांदा छान भरलाय तुम्ही.
तिथे तेलाचा डाग होता, माझ्यामुळेच पडलेला,
तोही गेला.'
मनगटात हिरवे मणी होते, थोडे कमी.

मास्तर एकदम कागद मोजायला लागले.

मी फाइल उघडली.
मामा, मुलगे, टोरांटो, चुलत बहिणी,
एक ढग (ढग मी ठेवला होता),
खाली, अजून खाली, तळापासून तिसरा.
मिटलेल्या डोळ्यावर टिचकी मारली.

बाईंनी पिशवीत चष्मा शोधला, सापडला नाही.
तोंड पडद्याशी नेलं, इतकं जवळ
की काचेवर वाफ धरली.
'नखं कापायला हवी होती,' म्हणाल्या.
आणि किती झाले, विचारलं.

मास्तर अजून मोजत होते,
एकदा मोजलेलेच कागद.