दारं

मंगळवारी सकाळी सातला
इलाही वस्तादांनी बाही वर केली.
दंड अजून थोराड, पण आतून सैल,
पाणी सांडून गेलेल्या पखालीसारखा.

दोनशे बारा. उपाशीपोटी.
वस्ताद कागदाकडं बघत राहिले.
"एवढी साखर रक्तात हाय म्हणतीस,
मग जिना चढताना मांडी का रडती गं?"

मी खिडकीतनं बोट केलं.
मार्केट यार्डाच्या तोंडाशी गुळाच्या गाड्या अडकलेल्या,
बारदानातले रवे पाघळायला लागलेले,
माश्या, मुंगळे, हॉर्न.
आणि गाळ्यांची शटरं खाली.
"गूळ रस्त्यावर, गोदाम उपाशी,
तसं झालंय वस्ताद."

खरं तर त्या भिंतीला दारसुद्धा नसतं.
दारं आत असतात, स्नायूच्या पोटात,
बारीक पिशव्यांत ठेवणीतली.
जेवण झालं की स्वादुपिंडाकडनं निरोप्या निघतो,
बाहेरच्या कडीला हात लावतो, बस्स.
आत पाऊल टाकत नाही.
हाक आतल्या आत कानोकान जाते
आणि पिशव्या उठतात, भिंतीपर्यंत येतात,
भिंतीत मिसळून जातात.
तेव्हा कुठं दार. तेव्हा कुठं साखर आत.

तुमच्याकडं निरोप्या येतोय अजून,
उलट जास्तच खेपा घालतोय,
कडी वाजवून बोटं सोलली त्याची.
आतल्यांना ऐकू येईना झालंय.

"म्हातारपण," वस्ताद हसले.
मग जरा थांबून,
"दुसरा रस्ता न्हाई?"

आहे. अंग राबलं की
निरोपाची वाट न बघता येतात काही दारं.
ओझं पडलं की स्नायू
स्वतःच स्वतःला हाक मारतो.

डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी बंडीच्या खिशात घातल्या.
पुढचं मला तालमीतल्या पोरांकडनं कळलं :
बारा वर्षांनी वस्ताद हौद्यात उतरले,
लंगोट न कसता, हातात खोरं घेऊन.
पोरं यायच्या आधी, पहाटे, एकटे,
ताक-हळद-लिंबू प्यालेली ती माती
या कडेपासून त्या कडेपर्यंत
उकरायची, पसरायची, पुन्हा उकरायची.

आठ आठवड्यांनी बोट पुढं केलं तेव्हा
नखात तांबडी रेघ.
स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवावा लागला.
एकशे एकसष्ट.

"चीत न्हाई झाला अजून," वस्ताद म्हणाले,
"पण पट निघालाय."

मग जिना उतरून गेले.
मी सुई टाकायची विसरून
पायऱ्या मोजत राहिले.
एकदाच थांबले मध्ये.