वटाव

नॉरिचहून बसने तासभर,
मग बीटच्या शेतांतून पाऊण मैल पायी,
आणि मग रस्ताच तुटतो
मधल्या पांढऱ्या पट्ट्यासकट, हवेत.
स्किल्डबी. सत्तावीस घरं, एक चर्च,
चहाचं एक दुकान, तेही बंद.
मी तिथे एक आकडा घेऊन गेले होते:
शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर.

म्हणजे एक पौंडाचा दगड किनाऱ्यावर टाकला
तर चौऱ्याहत्तर पेन्सचं गाव वाचतं.
आणि एकाच्या खाली सरकार वाकून बघत नाही.

गावच्या हॉलमध्ये हीटर खोकत होता.
पहिल्या रांगेत डोरीन लार्टर, गमबूट तसेच पायांत.
"माझी नात अजून पाळण्यात आहे," ती म्हणाली,
"ती सत्तरीला येईल तेव्हाचा एक पौंड
तुमच्याकडे आज कितीला जातो?"
मला उत्तर पाठ होतं.
अकरा पेन्स.
कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.
मागे कुणीतरी फक्त खुर्ची घडी करून ठेवली.

बाबा बार्शीच्या पतपेढीत हुंड्या वटवायचे.
मुदत जितकी लांब तितका वटाव जास्त,
हे मी बाराखडीनंतर लगेच शिकले.
"पण कागदाखाली कुणाचीतरी सही लागते," ते म्हणायचे,
"सहीशिवाय वटाव म्हणजे नुसती लूट."
परतीच्या बसमध्ये मी शोधत राहिले
समुद्रानं कुठे सही केली होती,
आणि त्या पाळण्यातलीनं.

पुढच्या खेपेला डोरीननं वही काढली.
कपडे वाळत घालायच्या दोरीनं ती मोजते,
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून कड्यापर्यंत,
दर पहिल्या रविवारी, एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून.
तेव्हा एकशे बारा यार्ड. आता चौदा.
मध्ये कुठे नवऱ्याचं अक्षर,
कुठे पावसानं फुगलेलं पान,
एका रविवारी नुसतं: "मोजलं नाही. टॉबी गेला."
(टॉबी कुत्रा. नवरा गेला त्या रविवारी तिनं मोजलं होतं.)

आमच्या उपग्रहापेक्षा दोरी जास्त खरी निघाली.
मी तिचे आकडे घातले, कडा वेगानं मागे सरकला,
घरं लवकर पडू लागली कागदावर,
आणि गुणोत्तर चढलं:
शून्य पूर्णांक त्र्याण्णव.

कारण आमच्या शास्त्रात असंच आहे:
उद्या पडणारं घर महाग,
तीस वर्षांनी पडणारं स्वस्त.
जितकं बुडेल तितकं मोलाचं.

फोनवर डोरीन बराच वेळ गप्प.
मग बाजारात भाव विचारावा तसं:
"मग एक व्हायला अजून किती पडायला हवं?"

फेब्रुवारीत वादळ आलं. एका रात्रीत नऊ यार्ड.
सकाळी ऑफिसात, कोट अंगातच,
मी नवा आकडा टाकला.
एक पूर्णांक शून्य दोन.
आणि मी,
हे कुणाला सांगितलेलं नाही,
टेबलावर मूठ आपटली, सामना जिंकल्यासारखी.

दुपारी कौन्सिलचा निरोप आला.
कड्यालगतची सहा घरं धोकादायक ठरली,
आठवड्यात पाडून टाकणार.
जे उभंच नाही, ते वाचवल्याचा फायदा धरता येत नाही;
कृपया यादीतून वगळावं.
वगळलं.
शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी.

खालच्या अंगाला, दोन मैलांवर, गॅसची टाकी आहे.
तिच्यापुढे मात्र दरवर्षी वाळू ओततात.
तिचं गुणोत्तर नऊ.

डोरीन आता नॉरिचात तिसऱ्या मजल्यावर राहते.
खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो.
वही तिनं मला पोस्टानं पाठवली, चिठ्ठी नाही, दोरी नाही.
शेवटच्या नोंदीत पाच यार्ड,
शिसपेन्सिलीनं, जरा तिरकं.
त्याच्या पुढची पानं मी उलटत गेले.
कोरी असतील असं वाटलं होतं.
तिनं पट्टीनं रकाने आखून ठेवलेत,
दर महिन्याचा पहिला रविवार, तारखांसकट,
वही संपेपर्यंत.