कोरा नमुना

ऑगस्टात अजमानच्या औद्योगिक भागात
उघड्या ट्रकवर पाण्याच्या निळ्या बाटल्या
दुपारभर तापत असतात.
पाणी न्हाणीतल्यासारखं कढत.
हमदुले म्हणतो, चहाला बरं पडतं.

दर मंगळवारी तो आमच्या लॅबला चार बाटल्या देतो.
डाव्या खांद्यावरून, तीन मजले चढून,
कारण लिफ्ट फक्त पेशंटांसाठी.
बाटल्यांना आतून चरे आहेत, ब्रशचे,
चाळीसदा, पन्नासदा धुतल्याचे.
चऱ्यातून जे निघतं ते कुठे जातं,
हाच आमच्या अभ्यासाचा विषय.
त्यानं नाव दिलं. सही मराठीत केली,
'मुनाफ'मधल्या फ ला लांब शेपूट काढून.

रक्त घ्यायला काचेची सिरिंज हवी होती.
दुकानदार म्हणाला, म्युझियममध्ये विचारा.
पाच आठवड्यांनी आली.
त्या दिवशी अंगावर सुतीच हवं, असा नियम.
मी कपाट उपसलं.
ओढण्या, गाऊन, सेलमधल्या सहा कुर्त्या,
सुती काही नाही. मी सोलापूरची!
शेवटी नवऱ्याचा सदरा घातला, बाह्या दुमडून.

कोरा नमुना म्हणजे
नळीत कुणाचंच रक्त नाही, नुसतं गाळलेलं पाणी.
बाकी सगळं तसंच करायचं,
म्हणजे 'काहीच नाही' कसं दिसतं ते कळतं.
गाळणीवर लाल रंगाचे दोन थेंब सोडले,
दिवा मालवला.

काहीच नाही मध्ये अकरा तंतू होते.

दाभोळच्या खाडीत ओहोटीला बत्ती मारली
की चिखलात कुर्ल्यांचे डोळे चमकतात,
असं हमदुले सांगतो. मी पाहिलेलं नाही.
पण तसेच असणार.

दिवा लावून पुन्हा पाहिलं. नऊ जांभळे.
माझी जांभळी ओढणी
दोन खोल्या पलीकडे खुंटीला होती.

हिशेबात कोऱ्याचे आकडे वजा करतात.
मी हमदुलेच्या रक्तातून माझी ओढणी वजा केली.
जे उरलं, ते त्याच्या नावावर लिहिलं.

रिपोर्टात साखर आहे, पुढे ती किती असावी.
हिमोग्लोबिन आहे, पुढे ते किती असावं.
मग हा आकडा.
पुढचा रकाना मोकळा.
त्यावर त्याचं बोट येऊन थांबलं.
"ताई, हे बरं की वाईट?"
अजून ठरलेलं नाही.
"कधी ठरेल?"
म्हटलं, ज्यांच्या रक्तात हे मुळीच नाही
अशी थोडी माणसं मिळाली तर ताडून बघता येईल.
"मग आमच्या घरी जा की.
नळ नाही, बाटली नाही, विहिरीचंच पाणी..."
बोलता बोलता थांबला.
"पोहरा गेल्या रजेत मीच नेला.
हलका म्हणून. आणि दोर.
पिवळा, नायलॉनचा. तुटतच नाही."

रिपोर्टाची चौघडी घालून त्यानं खिशात ठेवली.
बाटली उचलली, उलटी केली, यंत्रावर बसवली.
आतून एक मोठा बुडबुडा गुडगुडत वर गेला.
तीन मजले चढून आला होता,
गळ्यापर्यंत घामाघूम.
मी त्याला पेला भरून दिला.
कागदी. आतून मात्र गुळगुळीत, चकचकीत.
भरण्याआधी मी त्यात
एकदा बोट फिरवून पाहिलं होतं.